शल्य आणि टाळू

‘मनात शल्य राहून गेले’ असे आपण सहज बोलून जातो, परंतु या शब्दाचा मूळ अर्थ किती कठोर आहे याचा विचार क्वचितच करतो. शल्य म्हणजे शरीरात घुसून तेथेच राहिलेली परकी वस्तू : बाणाचे टोक, काटा, लाकडाची ढलपी, लोखंडाचा तुकडा. ती बाहेर काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. पुढे गळू फोडणे, मोडलेले हाड बसविणे, मुतखडा काढणे इत्यादी सर्व कर्मे त्याच नावाखाली आली. पण नाव मात्र त्या पहिल्या कामाचेच राहिले. शस्त्रवैद्याचा आद्य धर्म रुतलेले उपसून काढणे हा होय, असे हे नावच सांगते.

दुसरा शब्द टाळू. आपल्या घरांतून तान्ह्या मुलाची टाळू तेलाने भरण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बोटांखाली धडधडणारी ती मऊ जागा म्हणजे कवटीची हाडे अजून एकमेकांस मिळाली नाहीत याची खूण. पुढची टाळू साधारणतः दीड वर्षाच्या सुमारास मिटते. पण ती मिटल्यानंतरही कित्येक वर्षे मुलाची कवटी पातळच असते, आणि डोळ्याच्या खोबणीचे छत तर कागदासारखे असते. मोठ्या माणसाच्या कपाळावर जी वस्तू केवळ खोक पाडील, ती लहान मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते. त्यासाठी युद्ध लागत नाही. हातात पेन्सिल, तोंडात काडी, जवळ कात्री किंवा विणकामाची सुई, आणि एक ठेच, एवढे पुरते.

हे दोन शब्द एकत्र आले म्हणजे वैद्यापुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. प्रश्न साधा दिसतो : मुलाच्या डोक्यात शिरलेली वस्तू काढावी की ठेवावी? काढावी तर केव्हा आणि कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मनुष्यजातीला काही हजार वर्षे लागली, आणि त्या शोधाचा प्रवास सरळ रेषेत मुळीच झालेला नाही.

या विषयावरील उपलब्ध लेखांत सर्वांत जुना लेख इजिप्तमधला. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने इ. स. १८६२ मध्ये लक्सर येथे एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचे संपूर्ण भाषांतर जेम्स हेन्री ब्रेस्टेड या विद्वानाने १९३० मध्ये प्रसिद्ध केले. ही प्रत इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराची. मूळ ग्रंथ तिच्याहून पुष्कळ जुना असावा असे मानतात. तीत ४८ रुग्णांची वर्णने आहेत आणि त्यांपैकी पहिली २७ डोके व चेहरा यांच्या जखमांची आहेत. मेंदूला उद्देशून वापरलेला शब्द लिखित स्वरूपात प्रथम याच गुंडाळीत सापडतो. कवटी फुटून मेंदू उघडा पडला असता त्याच्या वळ्या वितळलेल्या तांब्यावरील सुरकुत्यांसारख्या दिसतात, इतके बारीक निरीक्षण त्या अनामिक वैद्याने केले होते. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी तो तीनपैकी एक निर्णय देतो : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा, यावर उपचार करावयाचा नाही. मेंदू उघडा पडलेल्या रुग्णाच्या वाट्यास तिसरा निर्णय आला आहे. त्यात निष्ठुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हीही विद्येची एक पायरीच होय. मात्र या गुंडाळीत मुलांचा स्वतंत्र विचार नाही.

तो विचार प्रथम आढळतो ग्रीसमध्ये. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात ‘डोक्यातील जखमांविषयी’ असा एक निबंध आहे. त्याचा लेखक म्हणतो की मुलांची हाडे पातळ, मऊ आणि अधिक रक्ताने भरलेली असतात. म्हणून त्याच शस्त्राने, किंबहुना त्याहून हलक्या शस्त्राने, मुलास अधिक इजा होते, जखम लवकर पिकते, आणि मृत्यू यावयाचाच असेल तर मोठ्या माणसापेक्षा तो लवकर येतो. मुलाच्या कवटीस भोक पाडावयाचे झाल्यास लहान गिरमिट वापरावे असेही तो बजावतो. ‘मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे’ हे बालवैद्यकाचे पहिले सूत्र बीजरूपाने येथे दिसते.

आता आपल्याकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांची गणना आहे. मर्म म्हणजे जेथे घाव बसला असता प्राणावर बेतते किंवा कायमचे व्यंग येते अशी जागा. या मर्मांचे पाच वर्ग केले आहेत आणि त्यांतील एका वर्गाचे नाव आहे ‘विशल्यघ्न’, म्हणजे शल्य काढले असता मारणारे. या वर्गात अवघी तीन मर्मे येतात : दोन्ही शंखप्रदेशांच्या वरची दोन उत्क्षेप मर्मे आणि दोन भुवयांच्या मधले स्थपनी. तिन्ही डोक्यातच आहेत! येथे शल्य रुतले असता ते आत आहे तोवर मनुष्य जगतो. ते आपोआप पिकून पडले तरीही जगतो. उपटून काढले तर मात्र मरतो, असे संहिता सांगते. याचे कारण ती वायूच्या भाषेत देते : शल्याने आत कोंडलेला वायू शल्य निघताच निसटतो. आजचा शस्त्रवैद्य वायूचे नाव घेणार नाही. रुतलेल्या वस्तूने फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते आणि वस्तू निघताच ती वाहू लागते, असे तो म्हणेल. उपपत्ती बदलली, निरीक्षण टिकले. ज्या शास्त्राचे नावच शल्य काढण्यावरून पडले, त्याच शास्त्राने ‘येथे हात लावू नको’ असेही सांगावे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

याच ग्रंथात आणखी दोन वचने आपल्या विषयाशी जवळचे नाते सांगतात. पहिले असे की सोने, चांदी, तांबे वगैरे धातूंची शल्ये शरीरात दीर्घकाळ राहिल्यास विरून जातात. पण शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड आणि दगड यांची शल्ये विरत नाहीत. धातू विरतात हे सरसकट खरे नव्हे. तथापि धातू आणि लाकूड यांच्यात भेद करावयास हवा, हे मर्म त्याने ओळखले होते. दुसरे वचन चिकित्सास्थानातले. डोक्यातून शल्य काढल्यावर त्या भोकात केसांची वात ठेवावी, नाहीतर मस्तुलुंग, म्हणजे मेंदूतील द्रव्य, बाहेर स्रवते. आणि जखम भरत जाईल तसतसा त्या वातीतील एकेक केस काढीत जावा. हे वाचताना हात थरथरू न देता काम करणारा कोणी अनुभवी वैद्य डोळ्यांपुढे उभा राहतो. आम्ही यावरून ‘आमच्याकडे सर्व काही होतेच’ असा डांगोरा पिटू इच्छित नाही. रक्ताभिसरण, जंतू, मेंदूचे व्यापार यांचे ज्ञान त्या काळी कोणाजवळच नव्हते. पण डोळे उघडे ठेवून पाहिलेले सत्य उपपत्तीपेक्षा अधिक काळ टिकते, याचा हा उत्तम दाखला होय.

केसांच्या वातीची आठवण यावी असा एक प्रसंग पुढे इंग्लंडमध्ये घडला. १४०३ च्या जुलै महिन्यात श्रूसबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. काडी काढताना टोक आतच राहिले. ते नाकाच्या बाजूने सुमारे सहा इंच खोल जाऊन कवटीच्या मागील हाडात रुतले होते. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन ब्रॅडमोर याने घाई केली नाही. एल्डर झाडाच्या वाळलेल्या गाभ्याच्या सळ्या स्वच्छ कापडात गुंडाळून व गुलाबाच्या मधात भिजवून, त्या क्रमाने जाड करीत त्याने जखमेचा मार्ग रुंद केला. नंतर आत फिरत्या स्क्रूची व्यवस्था असलेला एक बारीक चिमटा स्वतः योजून त्याने ते टोक पकडले आणि हळूहळू हलवीत बाहेर आणले. जखम पांढऱ्या मद्याने धुतली. मधाच्या मलमात भिजविलेल्या वाती आत ठेवल्या आणि त्या दर दोन दिवसांनी लहान करीत वीस दिवसांत जखम भरून आणली. हाच मुलगा पुढे पाचवा हेन्री झाला व १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टची लढाई जिंकला. सुश्रुताचे नावही ब्रॅडमोरच्या कानावर आले नसेल. तरी जखम वरून बुजू न देता तळापासून भरून आणावी, हे दोघांसही एकाच गुरूने शिकविले. तो गुरू म्हणजे जखम स्वतः.

असे यश मात्र अपवादात्मकच असे. वस्तू काढली तरी मागे राहणारा पू रुग्णाचा प्राण घेई. या पुवाचे कारण लुई पाश्चरच्या संशोधनावरून जोसेफ लिस्टरने ओळखले. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे गाडीखाली सापडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पायाच्या उघड्या अस्थिभंगावर त्याने कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली, आणि जखम न पिकता पाय वाचला. नव्या युगाचा पहिला रुग्ण एक मूल होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच शहरात लिस्टरचा शिष्य विल्यम मॅक्यूअन काम करीत होता. १८७६ मध्ये त्याच्याकडे अकरा वर्षांचाच एक मुलगा आला. पडून त्याच्या कपाळावर जखम झाली होती. ती बरी होत आहे असे वाटत असता काही दिवसांनी झटके आले आणि वाचा गेली. मेंदूचा अमुक भाग बिघडला म्हणजे वाचा जाते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ मध्ये दाखविले होते. त्या आधारावर मॅक्यूअनने कवटी न उघडता सांगितले की डाव्या बाजूस पुढच्या खंडात पुवाचा साठा आहे, तो काढू द्या. आईबापांचे धैर्य झाले नाही. मुलगा दगावला. मृत्यूनंतर मॅक्यूअनने, जिवंतपणी जेथे भोक पाडावयाचे त्याने ठरविले होते नेमके तेथेच, भोक पाडले आणि पू तेथेच सापडला. त्या आईबापांस आम्ही दोष देऊ शकत नाही. मेंदूत सुरी घालू द्या असे म्हणणाऱ्या तरुण वैद्यावर त्या काळी कोणी विश्वास ठेवावा? पण वैद्यास ठाऊक असलेले सत्य आणि घरच्यांस पटलेले सत्य यांमधल्या अंतरात एक मूल गेले. पुढे मॅक्यूअनने असे अनेक रुग्ण वाचविले आणि १८९३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तो पहिला मुलगा मात्र परत आला नाही.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि शरीरात दडलेला धातू डोळ्यांस दिसू लागला. नंतरचे शिक्षण, सांगावयास खेद वाटतो, दोन महायुद्धांनी दिले. १९१७ मध्ये यीप्रच्या तिसऱ्या लढाईत अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग याच्यापुढे मेंदूत लोखंड घुसलेले सैनिक रांगेने येऊ लागले. जखमेत बोट घालून चाचपण्याची जुनी सवय त्याने सोडली. मऊ रबरी नळी आत सरकवून चेंदलेला मेंदू व हाडांचे कपचे अलगद शोषून घ्यावयाचे, लोखंडाचे तुकडे शक्य तेथे चुंबकाने काढावयाचे, आणि जखम एकाच बैठकीत पूर्ण शिवून टाकावयाची, अशी पद्धत त्याने बसविली. तीन महिन्यांत अशा रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ५५ वरून सुमारे २९ वर आले. दुसऱ्या महायुद्धात कुशिंगचा शिष्य ह्यू केर्न्स याने मेंदूच्या शस्त्रक्रियेची फिरती पथके रणभूमीजवळ नेली आणि १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत डोक्याच्या जखमांवर पेनिसिलिन वापरून पाहिले. काडीवर पडलेल्या मुलास आज जे उपचार मिळतात, त्यांची किंमत असंख्य तरुण सैनिकांनी मोजलेली आहे.

स्वतंत्र भारतात ही विद्या रुजली ती दक्षिणेत. १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातील पहिला विभाग उघडला. १९५० मध्ये मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम आरंभिले. आणि १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या विद्येचा पाया घातला.

मग १९७१ साल उजाडले. १ ऑक्टोबर रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे थराथराने चित्र काढले. हेच सीटी स्कॅन. आता केवळ धातूच नव्हे, तर मेंदू आणि रक्तस्रावही दिसू लागला. आणि येथे इतिहासाने एक वळसा घेतला. दिसणारा प्रत्येक तुकडा काढलाच पाहिजे, हा महायुद्धांपासूनचा नियम. परंतु १९८२ पासूनच्या लेबनॉन युद्धात इस्रायली शस्त्रवैद्यांनी खोलवरचे कपचे काढण्याचा अट्टहास सोडला, आणि तेवढ्याने जंतुसंसर्ग किंवा झटके लक्षणीय वाढत नाहीत असे त्यांस आढळले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनीही हाच सौम्य पवित्रा उचलून धरला : पोहोचण्यासारखे असेल ते काढा, खोलवरच्या तुकड्यापायी निरोगी मेंदू चिरडू नका.

परंतु हा नियम धातूचा. मुलांच्या डोक्यात शिरते ते बहुधा लाकूड, आणि लाकूड जंतूंचे घर असते. ते आत ठेवून चालत नाही. त्यातही वाईट असे की सीटी स्कॅनवर कोरडे लाकूड पुष्कळदा हवेसारखे काळे दिसते व पाहणाऱ्यास चकविते. धातू आणि बांबू यांत भेद करणाऱ्या त्या जुन्या वचनाची येथे आठवण होते.

या चकव्याची सर्वांत दुःखद कथा टोकियोची आहे. १९९९ च्या जुलैची १० तारीख, संध्याकाळचा उत्सव. चार वर्षांचा एक मुलगा ‘म्हातारीच्या कापसा’ची काडी तोंडात असताना पडला. ही काडी म्हणजे तेथील जेवणाच्या लाकडी काड्यांपैकी एक. ती घशात टोचली. त्याने ती स्वतःच ओढून काढली. रुग्णालयात तरुण वैद्याने घशातील लहानशी जखम पाहिली, औषध लावले आणि घरी पाठविले. मूल मलूल होते, त्याला वांती झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. शवविच्छेदनात ७.६ सेंटिमीटर लांबीचा तुकडा सापडला. टाळ्यातून, कवटीच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रातून तो लहान मेंदूत शिरला होता. वरून कवटी अभंग होती. वैद्यावर फौजदारी खटला झाला. २००६ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्याची हयगय मानली, पण योग्य निदानाने मूल खात्रीने वाचले असते असे म्हणता येत नाही म्हणून त्यास निर्दोष सोडले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोषत्व कायम केले. आईबापांचे दुःख खरे होते. रात्रपाळीच्या वैद्याची कोंडीही खरी होती. आम्ही न्यायासनावर बसू इच्छित नाही. एवढेच म्हणतो की त्या रात्री विचारावयाचा प्रश्न एकच होता, आणि तो कोणासही सुचला नाही : काडीचा उरलेला भाग कोठे आहे?

या इतिहासाचे एक काळे पानही आहे, ते आम्ही झाकून ठेवीत नाही. विसाव्या शतकात क्ष-किरणांची चित्रे काढताना वेगवेगळ्या देशांत काही प्रौढ माणसांच्या मेंदूत शिवणकामाच्या सुया आढळल्या. डोकेदुखीसारख्या दुसऱ्याच कारणाने ते वैद्याकडे आले होते. कवटीत या सुया शिरावयास एकच वाट होती : तान्हेपणी उघडी असलेली टाळू. कोणीतरी नको असलेले मूल अशा रीतीने संपवू पाहिले होते, आणि मूल वाचले. अशा प्रौढांच्या बाबतीत वैद्य बहुधा सुई तशीच राहू देतात. ज्या जागी आपली आजी तेल जिरविते, त्याच जागेचा कोणी असाही उपयोग केला. यावर अधिक लिहवत नाही.

आजच्या उपचाराचा सारांश असा. वस्तू बाहेर दिसत असेल तर ती ओढावयाची नाही. हलू नये अशी आधार देऊन बांधावयाची. चित्र काढून ती रक्तवाहिनीजवळ आहे काय ते पाहावयाचे, आणि मग शस्त्रक्रियागृहात, कवटी उघडून, डोळ्यांदेखत, रक्त थांबविण्याच्या पूर्ण तयारीने ती काढावयाची. मेंदूवरील जाड आवरण नीट शिवावयाचे. तसे न केल्यास तीन वर्षांखालील मुलांत वाढत्या मेंदूच्या दाबाने कवटीची भेग मिटण्याऐवजी रुंदावत जाते. प्रतिजैविके द्यावयाची, धनुर्वाताची लस पाहावयाची, झटक्यांवर लक्ष ठेवावयाचे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त असते अवघे पाऊण-एक शेर, सुमारे ८०० मिलिलिटर. म्हणून मोठ्या माणसास सोसेल तेवढा रक्तस्राव त्यास सोसत नाही. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील त्या लेखकाने सांगितलेली घाई ती हीच.

हे सर्व वैद्याचे काम झाले. आपले काम त्याच्या आधी सुरू होते आणि ते फार थोडे आहे. तोंडात काडी किंवा पेन्सिल धरून मुलास धावू देऊ नये. झाडूच्या हिरांचे बाण करून खेळू देऊ नये. आणि एवढे करूनही अपघात झालाच, तर रुतलेले उपसण्याची आपल्या हातांना होणारी स्वाभाविक घाई आवरावी; वस्तू मोडून निघाली असेल तर तिचा तुकडा पदराला बांधून मुलाबरोबर न्यावा, आणि ती मुळात केवढी होती हे वैद्यास सांगावे. तो तुकडा पाहून वैद्य मोजील, आणि किती आत राहिले ते त्यास कळेल.

आजच्या यंत्रांसही जे कधी कधी दिसत नाही, ते आईच्या पदरातील अर्धी काडी सांगू शकते.